मदत हवी आहे: विद्यापीठाच्या नव्या संग्रहालयासाठी दोनपैकी कोणती जागा? (शुक्रवारपर्यंत)

शाईपेन | मंगळवार, रात्री १०.४२

नमस्कार. शुक्रवारी आमच्या समितीची बैठक आहे. संग्रहालयासाठी कोणती जागा घ्यावी यावर मला दोन पानी टिपण द्यायचं आहे. आर्किटेक्ट अजून नेमलेला नाही, त्याआधी जागा ठरवा असं वरून आलंय. पर्याय असे:

अ – घणसोलीच्या बाजूला, रुळांच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. सपाट. स्टेशनवरून चालत जाता येतं. शेजारी होल्डिंग पॉण्ड आहे.

ब – ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिक टेकडीच्या पायथ्याशी. चढाची जमीन, जवळ जुनी खदान. रिक्षाशिवाय पोचता येत नाही.

समितीत बहुतेकांना अ हवी. मला एवढंच विचारायचंय की अ वर पावसाळ्यातल्या दमटपणाचा त्रास फार होईल का? आणि कृपया ‘आर्किटेक्टला विचारा’ असं उत्तर देऊ नका. तो नाही म्हणूनच इथे लिहितेय.

विटांचा_वास | मंगळवार, रात्री ११.२०

ताई, दमटपणा राहू द्या बाजूला. संग्रहात आहे काय? दगड, कागद, कापड, चित्रं? किती चौरस मीटर बांधायचंय? अ पासून कांदळवन किती अंतरावर? ब चा उतार कुठल्या दिशेला? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. संग्रहालयाची जागा वस्तूंवरून ठरते, नकाशावरून नाही.

गारवा | बुधवार, सकाळी ७.०५

वातानुकूलन हा माझा धंदा आहे म्हणून ठामपणे सांगतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, खाडीजवळ काय आणि टेकडीखाली काय. अ आणि ब मध्ये त्या बाबतीत फरक नाही. चांगली सेंट्रल यंत्रणा बसवा, ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवा, प्रश्न मिटला. जागा स्टेशनजवळचीच घ्या.

पोथीपेटी | बुधवार, सकाळी ८.३१

गारवा, प्रश्न मिटत नाही, तिथून सुरू होतो. मी एका संस्थेच्या संग्रहात काम करते. तिथे संध्याकाळी कार्यालय बंद झालं की एसी बंद, सकाळी पुन्हा चालू. दिवसभर थंड झालेल्या भिंतींवर आणि काचांवर रात्री बाहेरची दमट हवा येऊन बसते, पाणी सुटतं. पुस्तकांच्या कडा आधी उमलतात, मग बुरशी धरते. कागदाला आणि लाकडाला आर्द्रता जास्त असण्याइतकाच तिचा रोजचा चढउतार मारक असतो. ६५-७० टक्क्यांच्या वर हवा बराच काळ राहिली तर बुरशी येणारच, पण रोज ५० वरून ८५ वर उडी हा त्याहून वाईट प्रकार. विद्यापीठ रात्रंदिवस वीजबिल भरेल, जनरेटर ठेवेल, याची लेखी हमी असेल तरच सेंट्रल यंत्रणेच्या नादी लागा. नाहीतर जाड भिंती, घट्ट बसणाऱ्या काचपेट्या, त्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल, आणि फक्त भांडारासाठी चोवीस तास चालणारे छोटे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारी यंत्रं.

गारवा | बुधवार, सकाळी ९.१२

यंत्रणा बंद ठेवली तर यंत्रणेचा दोष कसा? आणि काचपेटीत शे-दोनशे वस्तू मावतील. उरलेल्या?

पोथीपेटी | बुधवार, सकाळी ९.४०

उरलेल्या भांडारात. तेच तर म्हणतेय. कुठल्याही संग्रहालयात मांडलेल्यापेक्षा न मांडलेलं जास्त असतं. म्हणून भांडार आधी आखायचं आणि दालनं नंतर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, भांडार तळघरात ढकलतात. अ वर तळघर म्हणजे पोथ्या खाडीत नेऊन ठेवल्यासारखंच.

शाईपेन | बुधवार, दुपारी १.१५

लेक्चर्स होती. विचारलंय म्हणून लिहिते: वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि शिलालेखांचे दगड, तांब्याची व चांदीची नाणी, मोडीतली दप्तरं, काचेच्या निगेटिव्ह. वनस्पतिशास्त्राची हर्बेरियमची (वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींची) पानं आणि प्राणिशास्त्राच्या स्पिरिटमधल्या माशांच्या बरण्याही आमच्याकडेच येणार. शिवाय आगरी-कोळी गावांतून जमवलेली जाळी, मिठागरांची अवजारं आणि एक लाकडी होडी. एकूण तीन हजार चौरस मीटर. कांदळवन अ च्या कुंपणापलीकडेच आहे. ब चा उतार पश्चिमेला.

आता कुणी जागेबद्दल बोलेल का?

खारफुटी | बुधवार, दुपारी १.५०

कुंपणापलीकडे कांदळवन? मग समितीला मोजपट्टी घेऊन पाठवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीची ५० मीटरची पट्टी बांधकामाला बंद आहे. ती वजा केल्यावर प्लॉट किती उरतो ते आधी काढा. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, पलीकडच्या काठाला फ्लेमिंगो अभयारण्य आहे. रात्री इमारत कशी उजळवायची यावरही विचार करावा लागेल.

मोगरा_वाशी | बुधवार, दुपारी २.०८

फ्लेमिंगो बघायला कधी यावं? ऐरोलीहून बोट मिळते ना? पुढच्या महिन्यात पाहुणे येतायत.

खारफुटी | बुधवार, दुपारी २.१५

बोट ऐरोलीच्या केंद्रातून सुटते, पण आत्ता पावसाळ्यात पक्षी नाहीत. नोव्हेंबरनंतर या. आणि ताईंचा धागा आहे, त्यांना शुक्रवार गाठायचाय.

विटांचा_वास | बुधवार, दुपारी ३.३०

धन्यवाद ताई, आता बोलता येईल.

अ ची जमीन म्हणजे भराव आणि त्याखाली खाडीचा मऊ चिखल. इमारत पाइलवर, म्हणजे खडकापर्यंत नेलेल्या खोल खांबांवर उभी राहील, तिला काही होणार नाही. खचेल ते भोवतालचं अंगण, रस्ता, पाइप. नवी मुंबईत जुन्या सोसायट्यांच्या दारात पायरीखाली पडलेली फट बघा, ती त्यामुळेच. संग्रहालयात तीच फट माल उतरवायच्या धक्क्यापाशी पडते. मीटर-दीड मीटर उंचीचा वीरगळ अर्धा ते एक टन भरतो, तो ट्रॉलीवरून न्यायचा तर धक्क्यापासून दालनापर्यंत सलग पातळी हवी.

दुसरं, होल्डिंग पॉण्ड. तो शोभेचा तलाव नाही. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून झडपा मिटतात, तेवढा वेळ शहरातलं पावसाचं पाणी त्यात साठतं, ओहोटीला बाहेर जातं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि धो धो पाऊस एकत्र आले की पॉण्ड काठोकाठ भरतो आणि शेजारचा सखल भाग पाणी धरतो. गाळानं पॉण्ड उथळ झाले असतील तर आणखी लवकर.

तिसरं, हवा. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो अंडी सडल्यासारखा वास. त्याने चांदी काळी पडते. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड तांब्याच्या नाण्यांवर हिरवी भुकटी उठवतात आणि ती एकदा सुरू झाली की थांबवणं कठीण. गारवा म्हणतात तशी आर्द्रता दोन्हीकडे सारखी असेलही, पण हवेत ओलाव्याशिवाय आणखी काय आहे ते सारखं नाही.

जुनं_ठाणं | बुधवार, दुपारी ४.१०

सगळं मान्य. पण माणसं येतील का? शिलाहारांची राजधानी होती हे ठाणं, आणि इथल्या मुलांना वीरगळ म्हणजे काय ते ठाऊक नाही. रिक्षाशिवाय पोचता येत नसेल तर आठवीतली मुलं आईवडिलांचा हात धरून येणार नाहीत, शाळेची बस वर्षातून एकदा येईल तेवढीच. लुई कान यांचं येल विद्यापीठातलं ब्रिटिश कलेचं केंद्र बघा, १९७७ मध्ये उघडलं. भर रस्त्यावर, तळमजल्याला दुकानं. विद्यापीठाचं संग्रहालय गावाकडे तोंड करून असलं पाहिजे. अ सोडू नका.

विटांचा_वास | बुधवार, दुपारी ४.२५

येलच्या तळमजल्याखाली भरतीचं पाणी येत नाही हो, काका.

जुनं_ठाणं | बुधवार, दुपारी ४.४०

पाणी अडवता येतं. न येणारा माणूस आणता येत नाही. मी हे मनापासून लिहितोय.

चाफा२१ | बुधवार, संध्याकाळी ६.००

संग्रहालयशास्त्र शिकायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विभाग आहे, १९५२ पासून. माझ्या भाचीने तिथूनच केलं. बारावीनंतर काय, असं कुणी विचारत असेल तर अवश्य सांगा.

उत्तरायण | बुधवार, संध्याकाळी ७.१०

कुणी उजेडाबद्दल लिहिलं नाही. उत्तरेला मोठ्या खिडक्या घ्या, दिवे कमी लागतील. कुठलीही जागा घेतलीत तरी हे लागू.

विटांचा_वास | बुधवार, रात्री ८.०२

हा सल्ला युरोपातून आलाय. आपण १९ अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवर येतं. छज्जे आणि उभ्या फटी न देता उत्तरेची काच लावली तर जूनच्या कोरड्या दिवशी सकाळी ऊन थेट आत. कागद, कापड, हर्बेरियम यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको. तैलचित्रांना २०० चालतो. दगडांना कितीही द्या. म्हणून दगड बाहेरच्या ओवरीत, कागद इमारतीच्या गाभ्यात, मध्ये बाकीचं. मोठ्या खिडक्या वाचनालयाला द्या.

पोथीपेटी | बुधवार, रात्री ८.३०

याला अनुमोदन. आणि स्पिरिटच्या बरण्या मोडी दप्तरांच्या जवळपासही नकोत. ज्वालाग्राही माल आहे. स्वतंत्र हवेशीर खोली, बाहेरून दार.

शाईपेन | बुधवार, रात्री ९.१५

छान. म्हणजे ब घ्यायची का? एका शब्दात सांगा.

खडकवासी | बुधवार, रात्री ९.४८

एका शब्दात सांगणारा माणूस जागा न बघता सांगतोय असं समजा. पारसिकच्या उतारावर मी बांधकामं केली आहेत. वर काळा बसाल्ट, त्यावर हातभर माती. पाऊस मुरत नाही, माती आणि खडक यांच्या सांध्यातून वाहत खाली येतो आणि तुमच्या मागच्या भिंतीला लागतो. वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर आणि भिंतीमागे निचऱ्याचा थर नसेल तर भांडारात ओल येणार, ती खाडीपेक्षा कमी वाईट नाही. खदानीचा कापलेला कडा असेल तर दरड सुटण्याचा धोका भूवैज्ञानिकाकडून तपासून घ्या. उतार पश्चिमेला म्हणजे पावसाचा मारा समोरून. पश्चिमेला रुंद पडवी द्या, दगड तिथे मांडा. आणि व्हीलचेअरसाठी १:१२ चा (एक मीटर चढायला बारा मीटर लांबीचा) रॅम्प चढावर किती लांब होतो ते मोजा, नाहीतर वृद्ध माणूस फाटकातूनच परत जाईल.

सध्या पाऊस आहे. उद्या भरतीच्या वेळेला दोन्ही जागांवर जाऊन उभ्या राहा. कुठल्याही अहवालापेक्षा ते लवकर कळेल.

शाईपेन | गुरुवार, रात्री ८.२०

जाऊन आले, खाडीवरून थेट टेकडीवर. अ ला फाटकापासून आत पन्नासेक पावलांवर पाणी साचलं होतं, भरती सरल्यावर हळूहळू उतरलं. वास होता, विटांचा_वास म्हणतात तोच. ब ला पाणी साचत नाही, पण प्लॉटच्या मधोमध एक ओहळ वाहतो. नकाशात तो नाही. तो वळवायचा की त्याच्या दोन्ही अंगांना इमारतीचे भाग करायचे, हे आर्किटेक्टने सांगावं.

टिपणात ब ची शिफारस करतेय, अटींसह: जमिनीची पातळी आणि ओहळाचा मार्ग मोजून मग आराखडा, वरच्या अंगाला चर, भांडार पहिल्या मजल्यावर आणि तेच आधी बांधायचं, तळघर नाही. दगड मात्र तळमजल्यावर. स्टेशनवरून बस हवी, हे जुनं_ठाणं काकांचं म्हणणं मी वेगळ्या परिच्छेदात लिहिलंय कारण ते मलाही पटतं.

जुनं_ठाणं | गुरुवार, रात्री ८.५५

बस सुरू होईपर्यंत संग्रहालय रिकामं राहील. तरी लिहिलंत, बरं वाटलं. एक सुचवतो. व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात, १९७६ च्या इमारतीत, भांडारच लोकांना बघता येईल असं केलं. काचेआड खण, सगळं दिसतं. पहिल्या मजल्यावर भांडार नेताय तर मुलांना ते बाहेरून तरी दिसू द्या.

पोथीपेटी | गुरुवार, रात्री ९.१०

दगड आणि मिठागरांची अवजारं दिसू द्या. मोडी दप्तरं नकोत. उजेडाने ती खराब होतील.

खडकवासी | गुरुवार, रात्री ९.३०

ताई, ओहळाचे फोटो आजच्या तारखेसह टिपणाला जोडा. उन्हाळ्यात सर्व्हे झाला तर तो कुणाला दिसणार नाही. आणि खडक किती खोलवर लागतो याची बोअर तपासणी निविदेच्या आधी करायची, हे अटींत घाला. होडी कुठे ठेवणार ते लिहिलं नाहीत.