देवाचे राज्य: मेल्यावरचं की आत्ताचं? बायबल अभ्यासात कसं घ्यावं?

परभणीकर (प्रश्न)

जय ख्रिस्त. परभणी तालुक्यात आमची दर आठवड्याची घरगुती प्रार्थनासभा असते. येणारे बहुतेक कोरडवाहू शेतकरी आणि रोजंदारीचे मजूर, शिवाय दोन-तीन शिक्षक. पुढे 'देवाचे राज्य' हा विषय घ्यायचा आहे, पण सुरुवातीलाच तीन मतं पडलीत. वडीलधारी माणसं म्हणतात, राज्य म्हणजे मेल्यावर जायचा स्वर्ग. काहींच्या मते मंडळी हेच राज्य. तरुण मुलं म्हणतात, गावात न्याय आला की राज्य आलं. शास्त्र नेमकं काय सांगतं, कोणते अध्याय कोणत्या क्रमाने घ्यावेत, आणि सोमवार ते शनिवार माणसाने यात जगायचं म्हणजे काय करायचं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. 'प्रीती करा' एवढ्यावर आमचे लोक थांबत नाहीत, 'कशी?' म्हणून विचारतात.

गोदाकाठ

तिन्ही मतांत तथ्य आहे, पण एकेकटं धरलं तर तिन्ही तोकडी पडतात. राज्य म्हणजे आधी राजाचा अंमल. प्रभूच्या प्रार्थनेत 'तुझे राज्य येवो' याला लागूनच देवाची इच्छा स्वर्गात होते तशी पृथ्वीवरही होवो, असं मागणं आहे. म्हणजे जिथे त्याचा शब्द चालतो तिथे त्याचं राज्य.

'मेल्यावरचा स्वर्ग' ही समजूत बहुधा मत्तयामुळे होते, कारण तो बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचे राज्य' म्हणतो. त्यावर मत्तय १९:२३ आणि २४ लागोपाठ वाचून दाखवा. श्रीमंत माणसाविषयीचं तेच बोलणं पहिल्या वचनात 'स्वर्गाचे राज्य' आणि दुसऱ्यात 'देवाचे राज्य' असं आहे. एवढ्याने तो गुंता सुटतो.

क्रम असा धरा. आधी जुना करार, नाहीतर येशूच्या श्रोत्यांना ही बातमी एवढी मोठी का वाटली ते कळत नाही. १ शमुवेल ८ मध्ये लोक राजा मागतात आणि देव म्हणतो, त्यांनी मलाच नाकारलं. यशया ५२:७ मध्ये 'तुझा देव राज्य करतो' ही सुवार्ता आहे. दानीएल ७:१३-१४ मध्ये मानवपुत्रासारख्या एकाला अक्षय राज्य मिळतं. मग थेट मार्क १:१५ वर या: काळ भरला, राज्य जवळ आलं, पश्चात्ताप करा, सुवार्तेवर विश्वास ठेवा. या चार गोष्टी फळ्यावर लिहा आणि त्यांचा क्रम बदलू देऊ नका. आधी देवाने काय केलं ते येतं, माणसाने काय करायचं ते नंतर.

पुढचा एक आठवडा पूर्ण 'आलं आहे आणि यायचं आहे' याला द्या. मत्तय १२:२८ मध्ये येशू म्हणतो, मी देवाच्या आत्म्याने भुतं काढतो त्या अर्थी राज्य तुमच्यापर्यंत आलेलं आहे. लूक १७:२१ मध्ये परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्यांना) सांगतो की ते तुमच्यामध्ये आहे. पण शिष्यांना 'येवो' अशी प्रार्थनाही तोच शिकवतो, आणि १ करिंथ १५:२४-२६ मध्ये शेवटचा शत्रू मृत्यू अजून नाहीसा व्हायचा आहे. दोन्ही बाजू सोबत धरल्या नाहीत की घोटाळा होतो. नुसतं 'आलं आहे' धरणारे आजारी माणसाला 'तुझा विश्वास कमी' म्हणू लागतात. नुसतं 'यायचं आहे' धरणारे शेजारच्याचा बांध कोरून निर्धास्त उपासनेला बसतात, किंवा तारखा काढत बसतात. तारखांचं उत्तर प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये येशूने देऊन ठेवलं आहे.

मंडळीबद्दल म्हणाल तर मंडळी राज्याची साक्षीदार आहे, मालक नाही. आपल्याकडे जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तिकडे रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' हा भक्तसमुदाय काढून बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जवळ केलं. अशा कामांतून राज्याची चव लोकांना मिळते. पण मिशनची जमीन, शाळा, कमिटी यांनाच राज्य समजलं की कमिटीची निवडणूक हाच धर्म होऊन बसतो. मार्क १०:४२-४५ कमिटीच्या बैठकीत मोठ्याने वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

दाखल्यांपैकी मार्क ४:२६-२९ आधी घ्या, मत्तय १३ त्यानंतर. पेरणारा झोपतो, उठतो, बी आपसूक रुजतं: आधी अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. ज्वारी पेरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

बालाघाटची लेक

गोदाकाठ दादांनी पाया घातला आहे. मी सोमवार ते शनिवारचं सांगते. मत्तय ५ ते ७ हे अध्याय राज्याच्या प्रजेची वागणूक सांगतात, पण सगळं एकदम घेतलं तर लोक दबून जातात. एका आठवड्याला एकच गोष्ट घ्या आणि ती त्याच आठवड्यात करायची असं ठरवा.

मजुरीपासून सुरुवात करा. अनुवाद २४:१४-१५ प्रमाणे मजुराचा दाम त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायचा, मग तो आपला असो की परका. मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळीच पैसे देतो, तो हा नियम पाळूनच. याकोब ५:४ मध्ये अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते. ज्यांच्या शेतात सोयाबीन काढायला किंवा कापूस वेचायला बायका येतात त्यांनी 'बाजारच्या दिवशी देतो' हे बंद करायचं. हातात रोकड नसेल तर कामाला बोलावतानाच तसं सांगायचं, म्हणजे येणारी बाई ठरवेल यायचं की नाही.

दुसरा आठवडा भांडणांचा. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे. हे ऐकणारे गालीलातले, आणि वेदी यरुशलेमेत, शंभर किलोमीटरहून लांब. साधारण जालन्याहून परभणी, तेही पायी. तेवढं मागे फिरून जा, असं येशू सांगतो. इथे गाडी एका ठिकाणी अडते: 'चूक त्याची, मग मी का जाऊ?' पण वचनात भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे असं लिहिलं आहे, म्हणजे दुखावलेला तो आहे. उलट त्याने तुमचा अपराध केला असेल तर मत्तय १८:१५-१७ ची पायरी आहे: आधी दोघंच, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. पहिली पायरी गाळून थेट व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणं हे या वचनाच्या उलट आहे.

त्याच अध्यायात निर्दय चाकराचा दाखला आहे: राजा त्याचं मोठं कर्ज माफ करतो, पण तो आपल्या सोबतीच्या चाकराला छोटं कर्ज सोडत नाही. तो हिशेबासकट शिकवा. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, हे कर्ज माफ झालं. सोबतीकडे येणं होतं १०० दिनार, म्हणजे १०० दिवसांची मजुरी. ही रक्कम लहान नाही. समोरच्याने केलेलं नुकसान खरं आहे, ते झटकून टाकायचं नाही. ६ कोटींपुढे ठेवून बघायचं आहे. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला मात्र या दाखल्याच्या नावाने परत त्याच घरात ढकलू नका. क्षमा करणं वेगळं, आणि जीव सुरक्षित ठेवून कायद्याची मदत घेणं वेगळं. दोन्ही सोबत चालतात.

नळदुर्ग वाचक

ताईंचं बरोबर आहे, फक्त एक धोका आहे. आठवड्याला एक काम अशी यादी केली की 'मी केलं, त्याने नाही केलं' अशी हजेरी सुरू होते. म्हणून दर वेळी आधी योहान ३:३-५ आणि कलस्सै १:१३ कडे वळा. अंधाराच्या सत्तेतून काढून पुत्राच्या राज्यात आणलं, हे देवाने केलं. जक्कय हा जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट देतो (लूक १९:८), पण येशू त्याच्या घरी उतरल्यावर. लेवीय ६:५ प्रमाणे मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा एवढंच देणं लागत होतं. जास्तीचं आलं ते आनंदातून. रोम १४:१७ मध्ये नीतिमत्त्व आणि शांतीबरोबर आनंदही आहेच.

आणखी एक, जे बोलायचं सगळे टाळतात. सोयरीक जुळवताना, पंगतीत, कमिटीची नावं काढताना आपल्या मंडळ्यांत मूळ जात बघितली जाते. याकोब २:१-४ आणि १ करिंथ ११:२०-२२ वाचा. करिंथात काही जण आधी खाऊन तृप्त व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे, म्हणून पौल म्हणतो, हे प्रभुभोजनच नव्हे. हा विषय गाळून राज्य शिकवता येत नाही.

परभणीकर

सगळ्यांचे आभार. मजुरीवरून एक पुढचं विचारतो. आमच्यातली काही कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, आणि त्यांच्या टोळीचा मुकादमही सभेला येतो. उचल (हंगामाआधी मजुरांना दिलेली आगाऊ रक्कम) देणं-घेणं हा त्याचा धंदाच आहे. त्याने धंदा सोडावा का?

बालाघाटची लेक

भाऊ, धंदा सोडा असं मी लगेच म्हणणार नाही. बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या जकातदारांना योहानाने नोकरी सोडायला लावलं नाही, ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला (लूक ३:१३). मुकादमाला करता येण्यासारखं पुष्कळ आहे. उचलीची रक्कम प्रत्येक कोयत्याला, म्हणजे नवरा-बायको दोघांना समोर बसवून लिहायची, एक प्रत त्यांच्याकडे. बाईच्या कष्टावर फिटणारी उचल बाईला माहीत नसते, सगळा घोळ तिथून सुरू होतो. तोडलेल्या उसाच्या टनाची नोंद रोज दाखवायची. निर्गम २२:२५ प्रमाणे गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज लावायचं नाही, म्हणजे हंगाम संपल्यावर राहिलेली बाकी पुढच्या वर्षी तेवढीच धरायची, फुगवायची नाही. आजारपणाचा, बाळंतपणाचा खाडा कापायचा नाही. आणि वसुलीसाठी अनुवाद २४:१०-११ शब्दशः पाळायचं: घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं. त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात जातं गहाण घ्यायला मनाई आहे, कारण त्यावर घर जगतं. तसंच बैलजोडी, गाडी ओढून न्यायची नाही. एवढं करून त्याचं कमिशन उरतं का, ते त्याने वहीत मांडून बघावं. उरत नसेल तर सोडायचा प्रश्न तेव्हा खरा उभा राहील, आणि तेव्हा त्याच्या घराचं कसं चालेल हे बघायला सभेने त्याच्यासोबत बसावं.

टोळी निघण्याआधी एक सभा राखून ठेवा. मागे राहणारी म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं कोणाच्या घरी जेवतील, ते त्याच दिवशी नावानिशी ठरवा.