अनुभव धागा: शिंगराचा पहिला हिवाळा

सत्तरीची_लेक
काल चोर्ला घाट उतरताना पुढे कडब्याचा ट्रक होता. तो वास नाकात गेला आणि बाबांचं शिंगरू, म्हणजे घोड्याचं पिल्लू, आठवलं. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतेय.

आमच्याकडे घोडा म्हणजे शिगम्यातल्या घोडेमोडणीचा, कमरेला बांधलेला लाकडी. खरा घोडा वाड्यावर कुणाच्याच दारात नव्हता. बाबांनी घाटावरून एक बुटकी घोडी आणली, ती मिरगाच्या पावसात व्याली. दूध तोडायची वेळ आली ती डिसेंबरात.

गोव्यात कसली थंडी, असं सगळे म्हणतात. खरं आहे, जानेवारीतही पणजीत दुपारी ३०-३२ अंश असतात. पण शिंगराला थंडी नडत नाही, गवत नडतं. दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा असतो, मग करड, म्हणजे डोंगरावरचं गवत, पिवळं पडतं. त्यानं पोट भरतं, पण अंग धरत नाही. आणि नेमकं त्याच महिन्यात आईचं दूध बंद! बाबा रात्री कुळीथ भिजत घालायचे, पहाटे शिजवून निववायचे, मीठ टाकायचे. पण आधी गवत, मग चंदी (दाण्याचा खुराक), हा नियम कधी मोडला नाही. भुकेल्या पोटावर दाणा नाही म्हणजे नाही. आई म्हणायची, पोरांच्या पिठीचे कुळीथ घोड्यानं खाल्ले! आणि स्वतःच जाताना त्याच्या तोंडात गुळाचा खडा सरकवायची.

तुमच्यापैकी कुणी शिंगरू वाढवलंय? तट्टू, गाढव, खेचर, काहीही चालेल. लिहा.

डिचोलीचा
घोडेमोडणी म्हटल्यावर ढोलच वाजायला लागला डोक्यात. यंदा मुंबईहून सगळे भाऊ येतायत शिगम्याला. बाकी कुळीथ घोड्याला घालतात हे आजच कळलं.

केरीकरीण
अहो डिचोलीचे, कुळथाला इंग्रजीत नावच घोड्यावरून पडलंय! माझे सासरे सैन्यात होते, तिकडच्या पागेतली चंदी-खराऱ्याची वर्णनं जेवताना ऐकवायचे. फोडणी जळते, नंतर लिहिते.

मडगांवची_आई
आमच्याकडे होतं. लेकीच्या हट्टापायी मिस्टरांनी आणलं, नाव ठेवलं बोंडू. पहिल्या थंडीत पोट हे एवढं गोल झालं. शेजारणी म्हणायच्या काय गुटगुटीत झालाय. डॉक्टर आले, त्यांनी माझा हात धरून त्याच्या फासळ्यांवर ठेवला. हाडन् हाड लागत होतं. वरून थंडीचे केस वाढलेले असतात म्हणून डोळ्याला दिसत नाही. पोट फुगलं होतं ते जंतांनी आणि भाताच्या पेंढ्यानं. जंताचं औषध दिलं, पेंढा कमी करून सुकं गवत वाढवलं, भिजवलेले हरभरे थोडे थोडे. महाशिवरात्रीपर्यंत पाठ भरली. तेव्हापासून मी कुठलंही जनावर बघितलं की आधी हात लावते. लेक आता पुण्याला असते, फोनवर अजून बोंडूचा विषय निघतो.

पशुवैद्य_फोंडा
मडगांवची_आई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य केलं. नजरेवर जाऊ नये, आठवड्यातून एकदा फासळ्या, पाठीचा कणा आणि शेपटीचं मूळ चाचपावं.

थोडं सविस्तर लिहितो, कारण गोव्यात घोडे कमी, त्यामुळे लोक गाईचा हिशोब घोड्याला लावतात.

सगळ्यात महत्त्वाचं: गाईचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य शिंगराला कधीही घालू नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. गोठ्यात दोन्ही जनावरं असतील तर बादल्यासुद्धा वेगळ्या ठेवा. हे मी कळकळीनं सांगतोय.

दुसरं, कोंडा. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतं, भाताच्या कोंड्याचंही तेच. वाढत्या वयात नुसत्या कोंड्यावर ठेवलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, तोंडाची हाडं सुजतात, पाय लंगडतात. हिरवा चारा म्हणून सगळे नेपियर गवत लावतात. त्यातली ऑक्झॅलेटं नावाची द्रव्यं कॅल्शियमला बांधून टाकतात, म्हणजे कोंडा आणि नेपियर एकत्र ही वाईट जोडी. लसूणघास मिसळा, त्यात कॅल्शियम भरपूर असतं.

दूध सुटलेल्या शिंगराच्या आहारात शेकडा १४ ते १६ प्रथिनं लागतात. भाताच्या पेंढ्यात जेमतेम ४. रोजचं सगळं खाणं मिळून सुक्या वजनात अंगाच्या शेकडा अडीच-तीन, म्हणजे १०० किलोच्या पिल्लाला अडीच ते तीन किलो. यातली निम्म्याहून जास्त वैरणच हवी. दाणा एकदम ओतला तर हाडं आणि सांधे बिघडतात. घोड्याला उलटी होत नाही आणि जठर लहान असतं, म्हणून थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा.

सत्तरीची_लेक
डॉक्टर, खूप आभार. बाबांना हे आकडे माहीत नव्हते, पण थोडं थोडं घालायची पद्धत तीच होती. वाचून बरं वाटलं.

स्विंडनहून_पेडणेकर
नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडात स्विंडनला गोंयकार पुष्कळ. मी शनिवार-रविवार एका तबेल्यात काम करतो. इथला हिवाळा म्हणजे सकाळी आधी पाण्यावरचा बर्फ फोडायचा. थंड पाणी घोडे कमी पितात, आणि पाणी कमी, वर सुकं गवत, की आतडं तुंबून पोटशूळ. कोमट दिलं की बादली रिकामी करतात.

दुसरी गंमत इथे कळली. कडाक्याची रात्र असली की दाणा वाढवत नाहीत, गवत वाढवतात. मोठ्या आतड्यात गवत आंबतं तेव्हा ऊब तयार होते. शेगडी पोटातच! शेटलँड जातीच्या बुटक्या घोड्यांच्या केसाळ पिल्लांना तर झूलसुद्धा घालत नाहीत, फक्त वारा-पाऊस अडेल असा आडोसा आणि रात्रभर पुरेल एवढं गवत. आमच्या पेडण्यात असं पिल्लू असतं तर काजूच्या बागेत मजेत हिंडलं असतं. घरची फार आठवण येते या दिवसांत.

मडगांवची_आई
पेडणेकर, चवथीला या ना घरी. तिथे नारळ कितीला मिळतो हो?

स्विंडनहून_पेडणेकर
ताई, विचारू नका 😄 किसलेलं गोठवलेलं खोबरं आणतो.

कुळागर_म्हार्दोळ
खोबऱ्यावरून आठवलं, घाण्याची खोबऱ्याची पेंड शिंगराला चालेल का? आमच्याकडे असते.

पशुवैद्य_फोंडा
चालते. ताजी हवी, खवट नको. भिजवून द्या. लायसिन हा प्रथिनातला घटक तिच्यात कमी असतो, म्हणून एकटी नको, जोडीला हरभरा किंवा लसूणघास. भुईमुगाच्या पेंडेला बुरशी लवकर लागते, ती शक्यतो टाळा.

जुन्या_गोव्याचा
विषयाला थोडा फाटा. एकेकाळी हे गोवं घोड्यांचंच बंदर होतं. १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतल्यावर इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझकडून येणारी घोड्यांची गलबतं इथेच लागावीत यासाठी पोर्तुगीजांनी खटपट केली, कारण विजयनगर आणि विजापूर दोघांनाही घोडा हवा होता. जकातीचं मोठं उत्पन्न त्यातून होतं. एवढे घोडे सतत बाहेरून का लागायचे, याचं एक कारण खाण्यात आहे. तेराव्या शतकात मार्को पोलो पूर्व किनाऱ्याबद्दल लिहून गेलाय, की तिथे घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस घालतात आणि घोडे टिकत नाहीत. अरबस्तानातून समुद्र ओलांडून आलेल्या जनावराच्या पुढ्यात भात! वाचताना पोटात कालवलं होतं माझ्या.

केरीकरीण
बाई गं, भात आणि मांस?! बिचारे.
सासऱ्यांचं राहिलं होतं: ते सांगायचे, तोबरा (दाण्याची पिशवी) तोंडाला लावण्याआधी त्यात हात घालून वास घ्यायचा. कुबट आला तर तो दाणा घोड्यापर्यंत जायचाच नाही. आणि आधी पाणी, मग वैरण, मग दाणा. दाण्यावर लगेच पोटभर पाणी नाही.

डिचोलीचा
सत्तरीची_लेक, त्या शिंगराचं पुढे काय झालं? मघापासून तेच विचारायचं होतं.

सत्तरीची_लेक
चांगलं झालं. मोठं झाल्यावर घाटावर मामांकडे गेलं, तिथे माळ मोकळा, ज्वारीचा कडबा भरपूर. बाबा बेळगांवला गेले की वाट वाकडी करून त्याला भेटून यायचे. चवथी-दिवाळीला आमच्या चौकशीआधी त्याची चौकशी.

नवीन_वाळपई
मी पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडे आत्ता आहे, आठ महिन्यांची मादी. कालपर्यंत करड आणि हरभरे, आज बेळगांवहून सुकी लसूणघास येतेय. उद्यापासून सगळी तीच घालू का? रात्री बाहेर दव पडतं, आत बांधू?

पशुवैद्य_फोंडा
उद्यापासून सगळी नको. पोटातले जंतू बदलायला वेळ लागतो. करडात मूठभर मिसळून सुरू करा, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, पाव हिश्श्यापर्यंत पुरे. दवाचं भय नाही, छपराखाली मोकळी सोडा, बांधू नका. पण गवताचा भारा दवात ठेवू नका, बुरशी धरते आणि शिंगरू खोकायला लागतं. मिठाचा दगड टांगा. लीद रोज बघा, कोरडी आणि बारीक गोळ्यांची दिसली तर पाणी कमी पडतंय.

नवीन_वाळपई
देव बरें करूं डॉक्टर. ट्रक आलाच, उतरवून घेतो. भारे माळ्यावर चढवतो.