वसईची चर्चं चालतात, मग नाशिकचं वाइनचं तळघर का नाही?

चष्मेवाले_सर
मुंबईतल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो. यंदा आमच्या आणि रसायनशास्त्राच्या विभागाने मिळून द्वितीय वर्षाची एक दिवसाची सहल आखली होती. पहाटे पाचला दादरहून बस, उजाडता उजाडता वसईचा किल्ला आणि आतली जुनी चर्चं. दहाला निघून भिवंडीवरून नाशिक. दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत स्पार्कलिंग वाइन कशी तयार होते ते बघायचं. परतताना पंचवटीत पंधरा मिनिटं. मुलं १९-२० वर्षांची आणि महाराष्ट्रात वाइनला किमान वय २१, म्हणून चव घेणं कार्यक्रमात नव्हतंच. तसं पत्रकात ठळक छापलंही होतं. तरी एका पालकांचा फोन गेला आणि मला वरून निरोप आला, "चर्च ठेवा, दारू काढा."

मला हे पटलेलं नाही. माझ्या डोक्यात सहलीचा धागा एका घंटेचा होता. वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे देशावर घेऊन गेले. त्यातलीच मानली जाणारी एक, १७२१ हे साल कोरलेली, नाशिकला पंचवटीत गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे. देऊळ १७४७चं. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण अजून 'नारोशंकराची घंटा' म्हणतो, पण ती कुठून आली हे मुलांना माहीत नसतं. सकाळी जिथून घंटा गेली ती जागा बघायची आणि संध्याकाळी घंटा.

मधली दुपार रसायनशास्त्राची. तयार वाइन पुन्हा साखर आणि यीस्ट घालून बाटलीत बंद करतात. यीस्ट साखर आंबवतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की १ वातावरणाचा दाब, म्हणजे २४ ग्रॅमला ६. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणून बाटली जाड आणि तळाशी आत वळलेली. मग बाटल्या रोज थोड्या फिरवत उलट्या करतात, गाळ मानेत उतरतो, मान गोठवून बूच काढलं की गाळाचा गोळा दाबाने बाहेर उडतो. हे फळ्यावर शिकवून बघा, मुलं मोबाइल बघतील.

बोला.

ठाणे_स्लो
सर, घंटेचा भाग सुंदर आहे. पण मी त्या पालकांच्या बाजूने.

तुम्ही वायनरीला कारखाना समजताय. मी अशा दोन ठिकाणी गेलोय. टाक्या दाखवायला वीस मिनिटं आणि मग उंच खुर्च्या, काचेची भिंत, समोर द्राक्षमळा, हातात ग्लास. बाहेर पडायचा रस्ता दुकानातून. ते सगळं तुमच्याच विद्यार्थ्यांच्या वयाला, पगार सुरू व्हायच्या आधी, भुरळ घालायला बांधलेलं असतं. त्यात काही बेकायदा नाही, त्यांचा धंदा आहे. पण कॉलेजने आपली बस भरून गिऱ्हाईक नेऊन का द्यायचं? 'आत्ता नाही, दोन वर्षांनी या' हीसुद्धा जाहिरातच.

२४ ग्रॅमचा हिशेब सोड्याच्या बाटलीवर होतो की.

शुभा_काकू
+१. 'वाइन म्हणजे दारू नाही' हे जानेवारी २०२२ मध्ये भरपूर ऐकून झालं, सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा. ज्यांच्या घरात बाटली शिरलेली असते त्यांना ती कशापासून बनली याने फरक पडत नाही. माझ्या माहेरी शिरली होती. यापुढे लिहीत नाही.

चष्मेवाले_सर
काकू, तुमच्यापुढे वाद घालणार नाही.

ठाणे_स्लो, सोड्यात वायू बाहेरून दाबून भरतात. इथे तो आत जन्मतो. हा फरक कळला की अर्धं जीवरसायन कळलं.

कुपारी_पोर
मी वसईचा, सामवेदी ख्रिस्ती. मला धाग्यात दोन गोष्टी टोचल्या आणि त्यातली एकही दारूची नाही.

पहिली, 'विजयाची खूण'. सर, तुम्ही इतिहास म्हणून लिहिलंत, कळतं. पण आमच्या आजीच्या तोंडी ती 'गेलेली घंटा' होती. बसमधल्या ५० मुलांत दोन डिमेलो, एखादी लोपीस असेल, तर पंचवटीत उभं राहून त्यांच्याशी काय बोलणार, हे ठरवलंय का?

दुसरी, तुमची वसई किल्ल्यात संपते. सेंट जोसेफचा मनोरा, फरशीतल्या पोर्तुगीज थडग्यांचे दगड, फोटो काढायला उत्तम. पण गोन्सालो गार्सियाचं चर्च बघताना मुलांना सांगा की हा माणूस वसईत जन्मला, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. मग किल्ल्याबाहेर येऊन पापडी, रेमेदी, नंदाखाल, कुठल्याही गावच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा (उपासना) ऐका. बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या दिसतील. तीन तासांत हे होत नाही. म्हणजे वाइन काढा असं मी म्हणत नाही, नाशिकच काढा.

आणि गंमत बघा, पालकांना चर्च चालतं, वाइन चालत नाही. आमच्या वेदीवर रोज द्राक्षारसच असतो! १९४९च्या दारूबंदी कायद्यालाही धर्मविधीच्या वाइनसाठी वाट ठेवावी लागली.

चष्मेवाले_सर
'गेलेली घंटा'. हे मी पंचवीस वर्षं शिकवूनही ऐकलं नव्हतं. नाही, ठरवलेलं नाही. ठरवायला हवं.

माटुंगा_मेल
माझी भाची पॅरिसला शिकत होती, तेव्हा तिच्या विद्यापीठाने हीच सहल काढली होती: रँसची चर्चं आणि शँपेनची तळघरं. (स्पेलिंग वाचून आपण रीम्स म्हणतो. तिने मला दोनदा सुधारलं.) पॅरिसहून वेगवान गाडीने पाऊण तास, म्हणून एका दिवसात सहज बसतं. १२११ साली सुरू झालेलं कॅथेड्रल, जिथे फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत. १९१४ मध्ये जर्मन तोफांनी ते भाजून काढलं. दारावरच्या हसऱ्या देवदूताचं डोकंच तेव्हा खाली पडलं होतं, ते पुन्हा बसवलंय. आत चित्रकार शगालच्या निळ्या काचा, १९७४च्या.

तिथली तळघरं म्हणजे खडूच्या जुन्या खाणी, वर्षभर १०-१२ अंश. पहिल्या महायुद्धात वर गोळे पडत असताना गावातली माणसं तिथे राहायला गेली आणि शाळासुद्धा शँपेनच्या तळघरांत भरल्या. बाटल्यांच्या शेजारी बाराखडी. भाचीला चव घेतल्याचं फारसं आठवत नाही, ही शाळा मात्र ती सगळ्यांना सांगते.

ठाणे_स्लो
छान लिहिलंय. पण तिथे प्यायचं वय १८ आणि तिथल्या तळघराला युद्धाचा इतिहास. नाशिकच्या वायनरीला काय? एसी लावलेलं गोडाऊन.

निफाडकर
गोडाऊन म्हणा, पण त्यात आमचा माल असतो.

आमच्याकडे खायची द्राक्षं आणि वाइनची दोन्ही. चुलत्यांनी शेनिन ब्लांक ही वाइनची जात लावलीय. खायच्या द्राक्षाला गोडी यायची वाट बघतो. स्पार्कलिंगसाठीचं आंबट असतानाच खुडायचं, नाहीतर वाइन बसकी होते. पहाटे बॅटरीच्या उजेडात तोडणी, ऊन चढायच्या आत क्रेट पोचली पाहिजेत. दर करारात असतो, त्यामुळे निर्यात अडकली तरी झोप लागते. पण वायनरीने हात आखडला तर ते फळ बाजारात कोण घेणार? बारीक, बियांचं, जाड सालीचं. हे तुमच्या पोरांना कोण सांगणार, गाइड? त्याला ग्लास कसा धरायचा ते येतं.

आणि सुरुवात नाशिकची नाही बरं का. १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच जाणकार आणून स्पार्कलिंग वाइन केली आणि परदेशात विकली. मराठी माणसाने. हे तुमच्या अभ्यासक्रमात आहे का?

माझं मत: न्या, पण जानेवारीत तोडणी चालू असताना, आणि आधी मळ्यात.

कसाऱ्याचा_प्रवासी
तत्त्वाचं चालू द्या. कोणी घड्याळ बघितलं का? दादर ते वसई दोन तास. वसई ते नाशिक चार, भिवंडीत ट्रक आडवा झाला तर पाच. परतीचे पाच. एकूण अकरा-बारा तास बसमध्ये आणि चर्च, वाइन, घंटा मिळून सहा. ही सहल नाही, माल वाहतूक आहे. रात्री साडेअकराला दादरला उतरून विरारची मुलगी घरी कशी जाणार? पालकांनी दारूसाठी फोन केला, मी यासाठी केला असता.

चष्मेवाले_सर
मान्य. कुपारी_पोर आणि कसाऱ्याचे प्रवासी मिळून माझी सहल दोन तुकड्यांत कापतायत आणि मला त्याचं वाईट वाटत नाहीये. वसई एक रविवार, मिस्सेसकट. नाशिक जानेवारीत, सकाळी मळा, मग वायनरी, संध्याकाळी घंटा.

पण वायनरी मी सोडणार नाही. १९ वर्षांच्या मुलाला बारचं दार कुठे आहे ते ठाऊक असतं. बाटलीच्या आत काय होतं ते ठाऊक नसतं. आपण दार दाखवायला घाबरत नाही (मुंबईत दर कोपऱ्यावर आहे), आतलं दाखवायला घाबरतो.

ठाणे_स्लो
भाषण छान. माझा प्रश्न साधा होता. दुकानातून न जाता बाहेर पडता येईल का? विचारून सांगा.

चष्मेवाले_सर
आज फोन केला. आधी म्हणाले, रस्ता तोच आहे. मी म्हटलं, मग येत नाही. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला: द्राक्षांची क्रेट उतरतात त्या मागच्या दाराने आत घेतील आणि तिथूनच बाहेर सोडतील. खुर्च्या, ग्लास, दुकान काही नाही. फक्त जानेवारीत तिथे ट्रॅक्टरची रांग असते, तेव्हा बस लांब लावून चालत या म्हणाले.

निफाडकर
ट्रॅक्टरची रांग दिसली पाहिजेच. चुलत्यांना सांगून ठेवतो.

ठाणे_स्लो
मागचं दार चालेल. पालकांच्या पत्रकात 'मागच्या दाराने' असं छापू नका मात्र, पुन्हा फोन येईल.