मदत हवी आहे: पोरीच्या मोबाईलमधलं इन्स्टा कायमचं बंद करायचंय

पेठकर७२ | सायं. ५.४०
मंडळी, जरा लवकर सांगा, आजच करायचंय. पोरीचा निकाल बघून डोकं फिरलंय. दहावीला ९१ टक्के होते, अख्ख्या पेठेत पेढे वाटले. आता कॉलेजातनं कागद आलाय तो कुणाला दाखवायच्या लायकीचा नाही. कारण एकच, मोबाईल. जेवताना मोबाईल, गच्चीवर मोबाईल, रात्री एकला उठून बघितलं तर पांघरुणातनं उजेड. ओरडून झालं. दोनदा काढून घेतला, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत द्यावा लागला. असं काहीतरी सांगा की इन्स्टा उघडलंच नाही पाहिजे, पण व्हॉट्सअॅप आणि फोन चालू राहिला पाहिजे. कोल्हापुरात कोण बसवून देत असेल तर तेही चालेल. उपदेश नकोत, घरात त्याचा कोटा फुल्ल आहे.

कळंबा_नाका | ५.५२
अँड्रॉइड का आयफोन? मोबाईल तिचा का घरातला? वय किती? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

तांबडा_पांढरा | ५.५५
सोपा उपाय. साधा बटणाचा फोन द्या. आमच्या घरात एकच फोन होता, तोही शेजारच्यांचा. शिकलो की नाही?

कळंबा_नाका | ५.५८
@तांबडा_पांढरा बटणाच्या फोनवर कॉलेजच्या नोटिसा येत नाहीत काका. माझ्या भाचीची प्रॅक्टिकलची बॅच बदलली तीसुद्धा ग्रुपवरच कळली.

जर्नल_पूर्ण_करा | ६.१०
मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. कुठली परीक्षा, कुठले विषय, किती पैकी किती, हे लिहाल का? "निकाल" म्हणजे काय ते कळेना. दहावीला सहापैकी उत्तम पाच विषय धरतात, वर शाळेच्या हातातले अंतर्गत गुण. ते ९१ आणि अकरावीचे गुण एका तागडीत घालू नका. दहावीला नव्वदीत असलेली निम्मी मुलं आमच्याकडे पहिल्या सत्रात आपटतात, मोबाईल असो वा नसो.

पेठकर७२ | ६.३५
अँड्रॉइड. वय १६. अकरावी सायन्स, पहिलं सत्र. ५० पैकी फिजिक्स १७, मॅथ्स १४, केमिस्ट्री २१. मॅडम, आपटणं वेगळं आणि हे वेगळं. क्लासला वर्षाचे पैसे भरलेत. आता अॅपचं नाव सांगा.

गुळाची_ढेप | ६.४१
अॅपने काही होत नाही, गावाने ठरवावं लागतं. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाईल बंद आणि पोरं अभ्यासाला. साडेआठला परत भोंगा, मग चालू. घरातली मोठी माणसंसुद्धा बंद ठेवतात, हे त्यातलं खरं. आपल्याकडं पण करता येईल.

बिंदू_चौक | ६.४७
पेठेत भोंगा? साउंड सिस्टिमपुढं ऐकू कुणाला येणार! 😂

गुळाची_ढेप | ६.५०
हसा. त्या गावानं केलं तरी.

विदाप्रेमी | ७.०२
मुळात मोबाईलमुळे गुण पडतात हे कुणी सिद्ध केलंय? २००९ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या २१९ विद्यार्थ्यांची पाहणी गाजली, फेसबुक वापरणाऱ्यांचे ग्रेड कमी निघाले म्हणून. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी मोठ्या माहितीवर ताडून बघितलं तर तसा संबंध दिसेना. अभ्यासात रस नाही म्हणून फोनवर जातो, का फोनवर जातो म्हणून अभ्यास होत नाही, हे अशा पाहणीतनं कळत नाही.

जर्नल_पूर्ण_करा | ७.१५
@विदाप्रेमी पाहणी सोडा, प्रयोग घ्या. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा बॅगेत, काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवायला लावले आणि सगळ्यांना एकच चाचणी दिली. फोन वाजत नव्हते, तरी दुसऱ्या खोलीत ठेवणारे सरस ठरले.

विदाप्रेमी | ७.१९
तो प्रयोग नंतर इतरांनी करून बघितला. काहींना परिणाम दिसला, काहींना नाही. तेही सांगा.

जर्नल_पूर्ण_करा | ७.२४
सांगितलंत ना तुम्ही. मी वर्गात रोज बघते ते सांगते. उदाहरण अर्ध्यावर असताना खिसा थरथरतो. मुलगा फोन बाहेर काढतही नाही, पण पुढच्या पायरीत चिन्ह चुकतं. अधिकाचं उणे. उत्तर गेलं.

शाहूपुरीकर | ७.३०
ऑस्ट्रेलियानं बरोबर केलं. १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या खालच्यांना खातंच ठेवता येत नाही. आपल्याकडं असला कायदा पाहिजे.

बिंदू_चौक | ७.३२
पोरगी १६ ची आहे. कायद्यातनंही सुटली.

कळंबा_नाका | ७.४०
चर्चा चालू दे, मी कामाचं सांगतो. सेटिंग्जमध्ये "डिजिटल वेलबीइंग" असतं. तिथं कुठल्या अॅपवर किती वेळ गेला, किती नोटिफिकेशन आली, दिवसातनं किती वेळा फोन उघडला, सगळं दिसतं. तिथंच अॅपला टायमर लावता येतो, पण तो तिलाही काढता येतो, म्हणून आधी लावू नका. आधी आकडे टाका इथं. आणि तिला सांगून बघा, चोरून नको.

तांबडा_पांढरा | ७.४४
बापानं पोरीला विचारून फोन बघायचा! काय दिवस आलेत.

पेठकर७२ | ८.२५
बघितलं. दिला तिनं गप. कालचे आकडे: इन्स्टाग्राम ३ तास ५० मिनिटं. व्हॉट्सअॅप बिझनेस १ तास ३५. यूट्यूब २० मिनिटं. नोटिफिकेशन ३१२. आता बोला, कोण म्हणत होतं मोबाईलमुळे नाही म्हणून?

कळंबा_नाका | ८.२९
थांबा. व्हॉट्सअॅप *बिझनेस*? अकरावीतल्या पोरीकडं?

पेठकर७२ | ८.३३
ते दुकानाचं आहे. त्याचा इथं संबंध नाही.

बिंदू_चौक | ८.३४
कसलं दुकान?

कळंबा_नाका | ८.३५
आणि फोन दोनदा काढून घेतला, दोन्ही वेळा परत "द्यावा लागला" म्हणालात. का लागला?

पेठकर७२ | ८.५८
सांगतो. आमचं पायतानाचं दुकान आहे, वडिलांपासनं. २०२५ च्या जूनमध्ये त्या इटलीच्या प्राडा फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि सगळीकडं बोंबाबोंब झाली. तेव्हा पोरगी म्हणाली, पप्पा, आत्ता सगळी बघायलेत, आपलं पेज काढूया. काढलं. कारागीर वेणी विणतोय, कातड्यावर ठोके टाकतोय, असले व्हिडिओ टाकले. चालले की. दिल्ली, बेंगळुरू, कुठनं कुठनं ऑर्डरी येतात. ते सगळं तिच्याच फोनवर आहे, कारण मला त्यातलं काय जमत नाही. पण ते काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. बाकी वेळ ती काय बघते हा माझा प्रश्न आहे.

बिंदू_चौक | ९.०१
३१२ नोटिफिकेशन दहा-पंधरा मिनिटांत? नाद खुळा.

मुंबईचा_करवीरकर | ९.०३
दादा, कापशी चप्पल मिळेल का ९ नंबर, करकर वाजणारी? ठाण्याला पाठवता का? पेजचं नाव खाजगी मेसेजमध्ये कळवा.

विदाप्रेमी | ९.०६
जाता जाता, प्राडाच्या गोंधळात सगळे "कोल्हापूरची" म्हणत होते, पण २०१९ चं या चपलेचं भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव वापरायचा हक्क, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे.

तांबडा_पांढरा | ९.०८
कर्नाटकचं इथं काढू नका. नाव काय आहे चपलेचं? संपला विषय.

गुळाची_ढेप | ९.१२
तांबडा काका, अथणीच्या कारागिराचा हात बघितलाय का कधी?

जर्नल_पूर्ण_करा | ९.२०
चपला बाजूला ठेवा सगळ्यांनी. पेठकर, एक काम करा. तिची फिजिक्सची वही उघडा. बाकी काही करू नका, फक्त वही चाळा.

बारावीची_वारी | ९.२६
मी बारावीत आहे, बोलू का? आमच्या वर्गात पण एक जण घरच्या बेकरीचं पेज बघतो. त्याला रील बघायला वेळच नसतो. आम्ही टाइमपास करून मार्क घालवतो, तो काम करून घालवतो. घरी दोघांनाही सेम शिव्या बसतात. आणि काका, व्हॉट्सअॅप चालू ठेवून इन्स्टा बंद करणार होता, म्हणजे निम्म्या ऑर्डरी तशाच चालू.

पेठकर७२ | ९.५०
बघितली वही. "प्रोजेक्टाइल मोशन" लिहिलंय एका पानावर. आकृती काढलीय, बॉल वर जातो ती. शेजारी समासात पिनकोड. खाली "८ नं. तपकिरी, २ जोड, पैसे आलेत". पुढच्या पानावर उदाहरण निम्मं सोडवलंय आणि मध्येच "पप्पांना विचार, नाली का साधी". मागच्या तीन पानांवर कुरिअरचे पत्ते आहेत. अक्षर मात्र चांगलं आहे.

शाहूपुरीकर | ९.५५
काय बोलायचं आता.

बिंदू_चौक | ९.५७
शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. दंड पालकाला, पोराला नव्हे. तेवढं ध्यानात असूद्या.

पेठकर७२ | १०.०२
शाळेत घातलंय की ओ! आणि मी सांगितलं नव्हतं रात्री एकपर्यंत बस म्हणून. पण गिऱ्हाईक रात्रीच विचारतात, त्यांची नोकरी सुटते तेव्हा. उत्तर नाही दिलं तर दुसऱ्याकडं जातात. लग्नसराई तोंडावर आहे. इंग्रजीत विचारतात, माझं इंग्रजी तुम्हाला माहीत नाही. पेज बंद करू म्हणताय काय?

जर्नल_पूर्ण_करा | १०.१५
बंद करा कोण म्हणालं? तिच्या फोनवरून काढा. सुट्टीत सुरू केलेलं काम कॉलेज लागल्यावर कमी करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच झालंय. गणित गंभीरपणे घ्या. सीईटीला १५० प्रश्न असतात, त्यातले गणिताचे ५० आणि त्यांना दोन-दोन गुण, बाकीच्यांना एक-एक, म्हणजे निम्मे गुण गणिताचे. अकरावीचा भाग साधारण २० टक्के येतो. आता पाया कच्चा राहिला तर बारावीला भरून काढायला सवड मिळत नाही.

कळंबा_नाका | १०.२१
आता माझं ऐका. दुकानात जुना अँड्रॉइड असेलच, नसेल तर सेकंडहँड घ्या. इन्स्टाचं तेच खातं त्यावर लॉगिन करा आणि तिच्या फोनवरनं लॉगआउट. व्हॉट्सअॅप बिझनेसचा नंबर दुकानाच्या सिमवर हलवा. त्यात "अवे मेसेज" असतो: दुकान बंद असताना कुणी विचारलं तर आपोआप उत्तर जातं, "सकाळी दहाला कळवतो". वेळ तुम्ही ठरवायची. नेहमीच्या प्रश्नांची, म्हणजे भाव, माप, कुरिअर, इंग्रजी उत्तरं तिच्याकडनं एकदाच रविवारी लिहून घ्या आणि साठवून ठेवा. गिऱ्हाईक सकाळपर्यंत थांबतं. चप्पल घ्यायलंय, रक्त नाही.

तांबडा_पांढरा | १०.२४
मी पहिल्यापासनं म्हणत होतो, पोरीकडनं फोन काढून घ्या.

बिंदू_चौक | १०.२५
काका, बटणाचा म्हणाला होता तुम्ही.

विदाप्रेमी | १०.३१
दोन महिन्यांनी पुढच्या चाचणीचे गुण टाका इथं. तेव्हाच कळेल फोन कारण होता का नाही. क्लास आणि झोप मध्येच बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते समजणार नाही.

जर्नल_पूर्ण_करा | १०.३३
@विदाप्रेमी झोप बदलू दे हो तिची.

पेठकर७२ | १०.४०
बरं. जुना फोन आहे गल्ल्यात, काच तडकलेली. चार्जिंगला लावलाय. ती म्हणाली लॉगिन करून देते, मग म्हणाली "पप्पा, खरंच तुम्ही करणार?" आणि हसली. मी म्हटलं त्यात काय एवढं. अवे का काय ते उद्या बसवतो.

मुंबईचा_करवीरकर | १०.४४
दादा, माझं ९ नंबरचं राहिलं.

पेठकर७२ | रात्री ११.५२
जागं आहे का कोण? एक बाई इंग्रजीत विचारायलीय, ९ नंबर म्हणजे किती सेंटीमीटर आणि पावसात चालती का. चौथा मेसेज आहे हा तिचा. मी "यस" म्हणून पाठवलं, तर प्रश्नचिन्ह आलंय. काय लिहू? पोरगी झोपलीय.

जर्नल_पूर्ण_करा | ११.५५
उठवू नका.