मदत हवी आहे: अमेरिकेतील सीसीडब्ल्यूआयएस या बालकल्याण माहिती प्रणालीचा निधी आणि 'दुबार काम'

नमस्कार. अमेरिकेत राज्य सरकारांच्या आयटी प्रकल्पांवर असणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय.

मी एका राज्याच्या बालकल्याण प्रकल्पावर बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. सॅकविस ही जुनी माहिती प्रणाली काढून तिच्या जागी सीसीडब्ल्यूआयएस उभी करतोय. सॅकविसला सुरुवातीची काही वर्षं केंद्राकडून खर्चाचे ७५ टक्के मिळायचे, मग ५० झाले. २०१६ च्या नियमात दर ५० टक्केच राहिला, पण सगळं एकाच मोठ्या प्रणालीत कोंबायची सक्ती गेली. मॉड्यूल (सुटे भाग) करा, खासगी संस्थांच्या प्रणालींशी डेटाची देवाणघेवाण करा. हे मला मनापासून पटतं.

अडलंय असेसमेंटच्या (मुलाच्या गरजा आणि जोखीम तपासण्याच्या) मॉड्यूलवर. आमच्या काही फॉस्टर केअर (मुलांना घरापासून दूर तात्पुरतं सांभाळणाऱ्या) संस्थांकडे स्वतःचं चांगलं सॉफ्टवेअर आहे आणि असेसमेंट त्या त्यातच करतात. नियम म्हणतो, तेच फंक्शन (प्रणालीतलं एखादं काम) संस्थांच्या प्रणालीत पुन्हा नको, आणि ते काम करणाऱ्या सगळ्यांनी एकच वापरायला हवं. हे पाळलं तरच निधीची सवलत, म्हणजे अपात्र मुलांचा खर्चही केंद्राच्या निधीवर टाकायची मुभा, मिळते. मग पाळलं नाही तर ती सवलत फक्त या मॉड्यूलची जाते की अख्ख्या प्रणालीची?

सवलत गेली तर खर्च लाभ घेणाऱ्या कार्यक्रमांत वाटावा लागतो आणि टायटल फोर-ई या केंद्राच्या फॉस्टर केअर निधीवर पात्र मुलांपुरताच टाकता येतो. त्या पात्रतेची उत्पन्नाची अट अजून जुलै १९९६ च्या निकषांवर थांबलेली, त्यामुळे कितीतरी मुलं बाहेर राहतात. तो भार राज्यावर येतो. उलट संस्थांवर आमचं मॉड्यूल लादलं, तर केसवर्कर एकाच मुलाची माहिती दोनदा भरत बसणार. तो वेळ त्या मुलाचा आहे, मला हे अजिबात नकोय.

जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, घाबरू नका. खर्चवाटपाचं कलम १३५५.५७ प्रत्येक फंक्शनला वेगळं लागतं. एक नापास झालं म्हणून बाकीची सवलत जात नाही. एपीडीसोबत (निधीसाठी केंद्राला द्यायचा प्रकल्पाचा आराखडा) फंक्शन्सची यादी द्यावी लागते, त्यात हे दुबार आहे असं स्पष्ट दाखवा. संस्थांशी डेटा एक्सचेंज तर नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे त्याचा खर्च असेसमेंटपासून वेगळा मांडा. फक्त एक्सचेंज केलं म्हणून दुबारपणा आपोआप मिटत नाही. कंत्राटावर सही व्हायच्या आधी चिल्ड्रन्स ब्युरोच्या (बालकल्याणाचं केंद्रीय कार्यालय) तुमच्या अ‍ॅनालिस्टला लेखी विचारा.

धागाकर्ती:
खूप आभार! उद्याच यादी काढून बसते. संस्थांच्या सॉफ्टवेअरमध्येच असेसमेंट ठेवून आमचं मॉड्यूल वगळलं तर चालेल का, तेही पत्रात विचारते.