मदत हवी आहे: लिफ्ट किट बसवतोय, शॉकअपचा खालचा बोल्ट भोकात येत नाही

घाटरस्ता:
जाणकारांनो लवकर सांगा, गाडी अर्धी उघडून पडलीय. घरीच लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवायचा संच) बसवायला घेतलंय, अडीच इंचाचं, पुढे शॉकअपच्या डोक्यावर ठोकळा आणि मागे पाट्यांखाली ठोकळा असं. उजवी बाजू खोलली, शॉकअप काढला, ठोकळा लावून परत वर चढवला, वरचे तिन्ही नट लागले, आता खालचा बोल्ट जातच नाही. शॉकअपचं भोक खाली आणि आर्मचं (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं) भोक वर, चांगला अंगठाभर फरक आहे. पहार घालून दाबलं, आर्मवर उभा राहिलो, हलत नाही. व्हिडिओत तर दोन मिनिटांत बसवतात. सोमवारी गाडी लागणारच आहे.

सतरा_नंबर_पाना:
गाडी कुठली? पुढे कॉइल आहे की टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळणारी दांडी)? काय काय सोडलंय ते सांगा आधी. बॉल जॉइंट सोडला का, ब्रेक होजची (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीची) क्लिप काढली का?

घाटरस्ता:
डबल कॅब पिकअप आहे, फोर बाय फोर, पुढे कॉइल मागे पाटे. सोडायचं ते सगळं सोडलंय.

चिखलप्रेमी:
मुळात हे ठोकळे लावूच नका. नुसतं गाडीचं नाक वर जातं, शॉकअप तोच जुना, त्याचा प्रवास तेवढाच. मी पूर्ण सेट बदलला, लांब स्प्रिंग, नवीन शॉकअप, वरचे आर्मसुद्धा, आणि खड्ड्यात गाडी कशी जाते ते एकदा बसून बघा म्हणजे कळेल. दोनदा खर्च करण्यापेक्षा थांबा आणि एकदाच नीट करा.

घाटरस्ता:
किट घेऊन झालंय, गाडी उघडून झालीय, आता बोल्ट कसा घालायचा एवढंच सांगा.

सतरा_नंबर_पाना:
"सगळं सोडलंय" म्हणजे काय ते एकेक लिहा हो. अँटीरोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक सोडली का? आणि डावं चाक कुठे आहे, हवेत की जमिनीवर?

घाटरस्ता:
वरचा बॉल जॉइंट सोडलाय, टाय रॉडचा टोकाचा नटही. डावं चाक जमिनीवर, ती बाजू नंतर करणार ना. अँटीरोल बारचा आणि ठोकळ्याचा काय संबंध, तो तर मागून जातो. बरं, एक विचारायचं होतं, शॉकअपच्या डोक्यावर मधोमध जो मोठा नट आहे तो थोडा ढिला केला तर स्प्रिंग सैल होऊन शॉकअप आखूड होईल का?

गॅरेजकाका:
त्या नटाला हात लावू नका. काही झालं तरी नाही. अख्खी स्प्रिंग त्या एका नटावर दाबून धरलेली असते, तो सुटला तर वरची थाळी आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी उडते, समोर तोंड असेल तर माणूस उरत नाही. वर ठेवायच्या ठोकळ्याला स्प्रिंग उघडायची गरजच नाही, बाहेरचे तीन नट तेवढे आपले. वाचलं की इथे लिहा, मला काळजी लागलीय.

सतरा_नंबर_पाना:
+1, आणि शॉकअप त्याने आखूड होतही नाही.
अँटीरोल बारचा संबंध असा की तो दोन्ही खालच्या आर्मना एकमेकांशी बांधतो. तुमचं डावं चाक जमिनीवर म्हणजे तो आर्म वर दाबलेला, मग बार उजव्या आर्मलाही वर ओढून धरणार. तुम्ही त्या बारशी कुस्ती खेळताय. दोन्ही बाजू एकदम उचला, दोन्ही चाकं काढा, दोन्हीकडच्या लिंक सोडा. आर्म आपसूक खाली येईल, उरलेलं पहारीने.

घाटरस्ता:
काका, नट सोडलेला नाही, सोडणारही नाही.
पण दोन्ही बाजू कशा उचलणार, घोडी (उचललेली गाडी टेकवायचा स्टँड) एकच आहे. एका बाजूला घोडी आणि दुसऱ्या बाजूला जॅक चालेल का?

गॅरेजकाका:
नाही चालणार. हायड्रॉलिक जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, आतला सील गेला की गाडी खाली. त्यात तुम्ही पहार घेऊन जोर लावणार म्हणजे गाडी हलणार. दोन घोड्या आणा कुणाकडून तरी, चेसीच्या मुख्य तुळईखाली लावा, आर्मखाली नाही. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट (पाचर) लावा, काढलेलं चाक आडवं करून चेसीखाली सरकवून ठेवा. तोवर गाडीखाली जाऊ नका.

नवीनटायर:
किती मोठे टायर बसतील यात? स्पीडोमीटर चुकतो ना मग?

चिखलप्रेमी:
@नवीनटायर हो, टायर मोठा झाला की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो. पण फक्त उंचीवर जाऊ नका, स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली बाजू घासते का ते बघावं लागतं.

घाटरस्ता:
घोड्या बघतो. पण आता दुसरीच शंका आलीय. ठोकळा पट्टीने मोजला, सव्वा इंच भरला, 32 मिमी. पाकिटावर अडीच इंच लिहिलंय. फसवलं का मला?

सतरा_नंबर_पाना:
नाही. शॉकअप आर्मच्या टोकाला नसतो, साधारण मध्यावर असतो, म्हणून तिथे एक इंच वाढवला की चाकापाशी अंदाजे दुप्पट मिळतो. अडीच इंच जाडीचा वर लावला असता तर गाडी पाचेक इंच उचलली गेली असती आणि बॉल जॉइंट नि एक्सलचे जॉइंट दोन्ही गेले असते. मागे मात्र ठोकळा जेवढा जाड तेवढीच उंची.
आणि बॉल जॉइंट सोडलाय म्हणता तर नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) तारेने चेसीला बांधा. तसाच लोंबत राहिला तर वजन ब्रेकच्या होजवर येतं, एबीएसची वायर तुटते, आणि एक्सल बाहेर ओढला जाऊन आतला जॉइंट निसटतो.

पाटेवाला:
मागे ठोकळे कशाला? एक जादा पाटा घाला. ठोकळ्यावर एक्सल पाट्यापासून लांब जातो, जोरात क्लच सोडला की एक्सल पिळतो आणि पाट्याला एस आकाराचा बाक येतो.

चिखलप्रेमी:
जादा पाट्याने रिकामी गाडी दगडासारखी चालते, मागे बसणारे शिव्या देतात. एवढ्याशा उंचीला एक ठोकळा पुरतो. एकावर एक रचू नये, एवढं पाळलं की झालं.

पाटेवाला:
हौद्यात माल टाकणाऱ्याला विचारा काय बरं. घाटरस्ता, तुम्ही माल नेता का?

घाटरस्ता:
कधी कधी, हौदा भरून. त्याचं नंतर बघू, आधी पुढचं.

पाटेवाला:
नंतर नाही, आत्ताच बघा. मागच्या एक्सलपासून चेसीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हकडे जाणारी एक दांडी आहे का? काही गाड्यांना असते. माल भरला की हौदा खाली येतो, दांडी वळते आणि मागच्या ब्रेकला दाब जास्त मिळतो. गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं हौदा कायम रिकामाच, भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक कमी लागतात. किटमध्ये त्यासाठी एल आकाराची पट्टी असायला हवी. ती दांडी बघितल्याशिवाय माल भरू नका, कळकळीने सांगतोय.

घाटरस्ता:
दांडी आहे. पट्टी पण आहे, मी ती जास्तीची समजून बाजूला ठेवली होती. लावतो.

डोंगरगाडी:
मायलेज किती कमी होतं लिफ्टने? माझी पेट्रोल आहे.

घाटरस्ता:
अपडेट: शेजाऱ्यांकडून दोन घोड्या मिळाल्या. दोन्ही चाकं काढली, दोन्ही लिंक सोडल्या, आर्म हाताने दाबला तेवढ्यावर खाली आला. उजवा बोल्ट गेला, डावी बाजूपण झाली. धन्यवाद पानावाले. आता सगळे नट फुल टाइट करून चाकं चढवतो.

सतरा_नंबर_पाना:
थांबा, बॉल जॉइंट नि टाय रॉडचे नट टॉर्क पान्याने टाइट करा, स्प्लिट पिन नव्या घाला. पण शॉकअपचा खालचा बोल्ट आणि आर्मचे रबरी बुशवाले बोल्ट सोडले असतील तर ते आत्ता नुसते हाताइतके. आर्म लोंबत असताना आवळलात तर बुश त्याच जागी पकडला जातो, गाडी खाली घेतली की रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं. गाडी चारही चाकांवर उभी करा, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडा, मग टाइट. लिंकचे नटही तेव्हाच.

गॅरेजकाका:
मागचे यू बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) किटमधले नवेच वापरा, जुने ताणलेले असतात, आणि थोडं अंतर चालवून परत टॉर्क लावा, ठोकळा जागेवर बसला की ते ढिले पडतात. चालू करण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची होज ताणली जाते का ते पाहा. अलाइनमेंटशिवाय लांब जाऊ नका, कॅम्बर आणि टो (चाकांचे कोन) दोन्ही सरकलेले असणार. हेडलाइटही खाली करा, समोरच्याच्या डोळ्यात जातो.

घाटरस्ता:
ओके. मागचं उद्या सकाळी. नंतर गाडी जागेवरून सुटताना थरथरली तर काय?

सतरा_नंबर_पाना:
पहिल्या गिअरमध्ये सुटतानाच थरथरली तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बघायचा. शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे का तुमचा? असेल तर मधल्या बेअरिंगला थोडा शिम (पातळ ठोकळा) लागू शकतो. आधी चालवून बघा.

बैलगाडा:
माझ्या जुन्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहे, त्याचा बोल्ट फिरवून उंची वाढवली तर किट लागणार नाही ना?

पाटेवाला:
फिरवून वाढते, पण चाक खाली जायला जागा उरत नाही, गाडी खड्ड्यात आपटते. वेगळा धागा काढा, मॉडेल लिहा आणि शॉकअप कुठले आहेत तेही.