शनिवारचं हळदीकुंकू : जिम चारनंतरच मिळणार (आज रात्रीपर्यंत उत्तर हवं)

प्रेषक : मेधा (हॉल)

मंडळी,
आत्ताच, आपण जिम भाड्याने घेतो त्या कॅथलिक शाळेच्या ऑफिसातून फोन येऊन गेला. मंगळवारी बर्फामुळे राहिलेली बास्केटबॉलची गेम त्यांनी शनिवारी दुपारी १ ला टाकली आहे. सीनियर (शेवटच्या वर्षाच्या) मुलांचा निरोपही तेव्हाच. त्यामुळे आपल्याला जिम २ ऐवजी ४ ला मिळेल. ताडपत्र्या अंथरून, खुर्च्या लावून साडेपाचच्या आधी काही सुरू होत नाही.

कॅफेटेरिया २ पासून मोकळा आहे, पण तिथे १२० च्या वर माणसं बसवता येत नाहीत, दारावर पाटीच आहे. आपल्याकडे २१० नावं आली आहेत. पुढचा शनिवार धरता येत नाही, रथसप्तमी होऊन जाते.

आणि हो, जमिनीवर ताडपत्री या वेळी सक्तीची आहे. का, ते मागच्या वर्षी जे होते त्यांना माहीत आहे. पाचशेचं डिपॉझिट अजून अडकलेलंच आहे.

मेधा
ता.क. झाकणावर नाव कोरलेलं मोठं पातेलं गणपतीपासून माझ्या गराजमध्ये पडून आहे. ज्यांचं असेल त्यांनी कृपया घेऊन जावं.

---

प्रेषक : श्रीकांत

मेधाताई, आपण सप्टेंबरात सही करून पैसे भरले आहेत ना? मग पोरांच्या एका मॅचसाठी दोनशे माणसांनी ताटकळत का बसायचं? हे दरवर्षीचं झालं आहे. दिवाळीला व्हॉलीबॉल आडवं आलं होतं. आपण भाडं भरतो, फुकट नाही बसत. यापेक्षा टाउनच्या मिडल स्कूलचं ऑडिटोरियम घ्या, मी तेव्हाच म्हणत होतो.

---

प्रेषक : मेधा (हॉल)

श्रीकांत, मिडल स्कूलला विम्याचा कागद तीन आठवडे आधी लागतो, शनिवारी कस्टोडियनचा (शाळेची देखभाल करणाऱ्याचा) ओव्हरटाइम वेगळा पडतो, आणि ऑडिटोरियममध्ये बाहेरचं खाणं चालत नाही. तिळगूळ पार्किंग लॉटमध्ये वाटायचा का?

---

प्रेषक : ऋजुता

बोरन्हाणाचं काय? चौदा बाळं आहेत. साडेपाचला सुरू म्हणजे दीपप्रज्वलन, अध्यक्षांचं मनोगत वगैरे होऊन सात. सातला माझं बाळ झोपतं, आणि झोपलं नाही तर काय होतं ते गणपतीत सगळ्यांनी ऐकलंय. हलव्याचे दागिने मी पुण्याहून मागवलेत, त्यातला मुकुट प्रवासात आधीच अर्धा फुटलाय. प्लीज बोरन्हाण तरी दुपारी ठेवा.

---

प्रेषक : अंजली

श्रीकांत, "पोरांच्या एका मॅचसाठी" हे वाचलं म्हणून लिहितेय. माझा मुलगा त्या टीममध्ये आहे, अकरावीत.

टीममध्ये नऊ जण आहेत. त्यातल्या एकाचा घोटा गेलाय, म्हणजे आठ. पाच-पाचची प्रॅक्टिस करायची तर दहा लागतात, म्हणून कोच स्वतः बूट घालून उतरतो आणि एखाद्याचा मोठा भाऊ पकडून आणतो. ज्युनियर टीम या वर्षी काढलीच नाही. सॉकर शेजारच्या दुसऱ्या कॅथलिक शाळेबरोबर मिळून खेळतात, अर्ध्या मुलांच्या अंगावर त्या शाळेचा रंग. बेसबॉलचं मार्चमध्ये कळेल. अख्ख्या शाळेत मुलं-मुली मिळून १९० च्या आसपास आहेत. पब्लिक शाळेत टाउनमधलं मूल आपोआप येतं, इथे एकेक मूल आठवीत असताना जाऊन, घरी बोलून आणावं लागतं. आणि जरा उंच, जरा बरा निघाला की दोन वर्षांत मोठी शाळा त्याला उचलते. आमचा सगळ्यात चांगला गार्ड (बॉल पुढे नेणारा खेळाडू) तसाच गेला. त्याच्या आईवर मी रागावू शकत नाही, तिकडे फी माफ आहे.

गेम शनिवारी १ लाच का? तर रेफरी मिळत नाहीत. त्यांना मिळालेली वेळ ती एवढीच. कटऑफच्या तारखेआधी गेम झाली नाही तर तिचे पॉइंट धरत नाहीत, आणि स्टेट टूर्नामेंटमध्ये कुठला नंबर मिळणार ते त्या पॉइंटांवर ठरतं. शिवाय जिम एकच. तीन ते पाच मुली, पाच ते सात मुलगे, त्यानंतर पॅरिशची (चर्चच्या वस्तीतली) लहान मुलं. आणि शनिवारी आपण.

मागच्या वर्षी बोरन्हाणातला हलवा जमिनीवर गेला. सोमवारी प्रॅक्टिसला एक मुलगा धावता धावता आडवा झाला, कारण हलव्याचे दाणे लाकडी फरशीवर छऱ्यांसारखे फिरतात. घडीच्या बाकांखालून मार्चपर्यंत कुरमुरे निघत होते. कोचने मला बोलावून ओंजळीत घेऊन दाखवले आणि विचारलं, हे खायचं असतं का. मी काय सांगणार!

---

प्रेषक : दिलीपकाका

अंजली, छान लिहिलंस. मला जर्सी सिटीचे दिवस आठवले. नव्या लोकांना माहीत नसेल, आपण न्यूअर्क अव्हेन्यूवर किराणा घ्यायला जातो ना, त्याच रस्त्याने खाली गेलं की व्हाइट ईगल हॉल लागतो. पोलिश लोकांचा जुना हॉल, बिंगो चालायचा. सेंट अँथनी शाळेला स्वतःची जिम नव्हती, टीमची प्रॅक्टिस वर्षानुवर्षं त्या हॉलमध्ये. कोच बॉब हर्ली, दिवसा प्रोबेशन ऑफिसर. तेवढ्यावर २८ स्टेट टायटल घेतली त्या माणसाने! २०१० मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

२०११ च्या मार्चमध्ये मी पिस्कॅटवेला रटगर्स युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये ती मॅच पाहिली. सेंट अँथनी विरुद्ध एलिझाबेथ गावची सेंट पॅट्रिक. दोघी अपराजित, आणि सेंट पॅट्रिक देशात पहिल्या नंबरावर. एनबीएवाला काइरी अर्व्हिंग तिथलाच, तो तेव्हा पुढे ड्यूक युनिव्हर्सिटीला गेला होता. देशातल्या सगळ्यात तगड्या दोन टीम, आणि शाळा दोन्ही चिमुकल्या. सेंट अँथनी ६२-४५ ने जिंकली. मी सुहासला बरोबर घेऊन गेलो होतो, त्याला तेव्हा बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

---

प्रेषक : सुहास

काका, तिकिटं मी काढली होती. असो.

गोष्ट पुढेही सांगा. सेंट पॅट्रिक पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये आर्चडायसिसने (तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताने) बंद केली. शिक्षकांनी पॅट्रिक स्कूल नावाने स्वतंत्र शाळा काढली, म्हणून तो वारसा तरी टिकला. सेंट अँथनी २०१७ च्या जूनमध्ये बंद. २८ टायटल आणि कुलूप! त्याच वर्षी तुमचा बिंगो हॉल दुरुस्त होऊन गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी उघडला. म्हणजे जिंकून शाळा वाचते हे डोक्यातून काढा. नाव पेपरात येतं, पण फी भरणारी मुलं त्याने वाढत नाहीत. टीममध्ये बारा जणच लागतात, वर्ग भरायला चारशे.

आणि अंजली, गार्ड उचलून नेतात म्हणतेस ते खरं, पण सेंट अँथनीकडेही मुलं आसपासच्या गावांतून यायचीच. तो कोणाचा घरचा गल्ली संघ नव्हता. मोठा मासा कोण आणि छोटा कोण, ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर.

मला विचाराल तर एवढ्याशा शाळेने सगळे खेळ चालवायचा हट्ट सोडावा. दोन ठेवा, नीट चालवा.

---

प्रेषक : अंजली

दोन खेळ ठेवा, मग आठवीतल्या मुलाला शाळा दाखवायला आणल्यावर काय सांगायचं? "तुला पोहायला आवडतं? आमच्याकडे नाही." तो दारातूनच परत जातो. मग पुढच्या वर्षी १९० चे १७० होतात.

---

प्रेषक : फिलोमिना

सगळ्यांना नमस्कार. मी सहसा लिहीत नाही, पण माझी मुलगी याच शाळेतून शिकली, आणि मी वसईची, सिस्टरांच्या (नन) शाळेत वाढलेली, म्हणून दोन शब्द.

खेळ नंतरची गोष्ट आहे. मूळ दुखणं सिस्टर संपल्या हे आहे. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत १,८०,००० च्या आसपास सिस्टर होत्या, आता ४०,००० च्या आत. त्या जवळजवळ फुकट शिकवायच्या. त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, बरोबर त्यांचा आरोग्यविमा आला, आणि फी वर गेली. त्याच वेळी आयरिश, इटालियन, पोलिश कुटुंबं शहर सोडून सबर्बात गेली, जिथे पब्लिक शाळा चांगल्या. फिलाडेल्फियाच्या कार्डिनल डॉहर्टी शाळेत साठच्या दशकात ६,००० च्या आसपास मुलं होती, ती २०१० मध्ये बंद झाली. सहा हजारांची शाळा बंद होते तर आपल्या शाळेचं काय घेऊन बसलात. कोविडच्या पहिल्या वर्षात तर देशभरात दोनशेच्या वर कॅथलिक शाळा गेल्या.

आमच्या शाळेत एकच सिस्टर उरल्या आहेत, ८१ वर्षांच्या. प्रत्येक होम गेमला दाराशी पत्र्याचा डबा घेऊन त्या तिकिटं फाडतात. त्यांना शनिवारी पहिला तिळगूळ द्यावा असं मला वाटतं. मागच्या वर्षी कोणी विचारलंही नाही.

आणि श्रीकांतभाऊ, आपलं भाडं कुठे जातं माहीत आहे? खेळांच्या खात्यात. ट्रिकी ट्रेचे (बक्षिसांच्या सोडतीचे) पैसे, कन्सेशन स्टँडचे (गेमच्या वेळच्या खाऊच्या टपरीचे) पैसे आणि आपलं भाडं मिळून बस येते. नाहीतर कोच स्वतः व्हॅन हाकतो.

---

प्रेषक : श्रीकांत

फिलोमिनाताई, हे माहीत नव्हतं.

पण कॅथलिक शाळा आणि खेळ म्हटल्यावर बांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉसचं हॉकी कोणी काढलं नाही, हे आश्चर्य. आणि १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी झाली तीसुद्धा सेंट झेवियर्सविरुद्ध. शारदाश्रम सगळ्यांना आठवतं, उन्हात बॉल अडवत फिरणारी ती अकरा पोरं कोणाला आठवतात?

---

प्रेषक : दिलीपकाका

बहुतुळे होता त्यात! साईराज बहुतुळे. तोच बॉलिंग टाकत होता. पुढे देशासाठी खेळला.

---

प्रेषक : सुहास

काका, ७४८ वर दोन बाद असताना डाव सोडला. कांबळी ३४९, सचिन ३२६, दोघे नाबाद. आता यावरून तरी वाद नको.

---

प्रेषक : ऋजुता

बोरन्हाण???

---

प्रेषक : मेधा (हॉल)

ठरलं. बोरन्हाण कॅफेटेरियात ३ वाजता, फक्त बाळांचे आई-बाबा आणि आजी-आजोबा, म्हणजे १२० च्या आत बसतं. बाकी कार्यक्रम जिममध्ये साडेपाचला. अध्यक्षांचं मनोगत पाच मिनिटं (अध्यक्षांना कळवलं आहे). कॅफेटेरियात हलवा, बोरं, कुरमुरे काहीही उधळा, तिथे फरशी टाइलची आहे. जिममध्ये रांगोळी नाही, पाटावरची चालेल.

ताडपत्रीचे बारा रोल आहेत, एकेक उचलायला दोघं लागतात. ४ वाजता दहा माणसं हवीत. नावं पाठवा. "बघतो" असं लिहू नका.

---

प्रेषक : अंजली

कोचला विचारलं. मुलांना ग्रॅज्युएशनसाठी सेवेचे तास भरावे लागतात. गेम संपली की आठही जण थांबून रोल अंथरतील, फॉर्मवर मंडळाच्या कोणीतरी सही करायची. मात्र त्यांना खायला द्या. गेमनंतर ही पोरं टेबलसुद्धा खातील. गुळाच्या पोळ्या चालतील, माझ्या मुलाने शिकवून ठेवलं आहे.

---

प्रेषक : श्रीकांत

मुलांच्या पायावर रोल पडला तर विमा कोणाचा? मेधाताई, हे आधी विचारून घ्या.

तरी मी येतो चारला. खरं म्हणजे एक वाजताच येईन, मॅच बघायला. तिकीट किती आहे? आणि दुकानातला मोठा व्हॅक्यूम आणतो, फक्त एक्स्टेन्शन कॉर्ड कोणीतरी आणा, मागच्या वेळी जिममधला प्लग बाकांच्या मागे निघाला होता.

पातेलं आमचं आहे.